जुनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्डिंग्ज जमवायची कशी: तबकडीच्या आधी परफॉर्मन्स

बरेच जण विचारतात की वेस्टर्न क्लासिकलची जुनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्डिंग्ज जमवायला सुरुवात कुठून करायची, तर मी आधी उलट एकच विचारतो, तुम्हाला तबकड्या जमवायच्यात की परफॉर्मन्स? दोन्ही छंद चांगलेच, पण खर्च वेगळा, घरात लागणारी जागा वेगळी, शिकायच्या गोष्टीपण वेगळ्या. मी परफॉर्मन्सवाला आहे. अमुक दिवशी अमुक हॉलमध्ये जे वाजलं ते जमेल तितकं जवळून ऐकायला मिळावं एवढंच मला हवं असतं, मग ते ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या) तबकडीवरून मिळो, एलपीवरून (नंतर आलेल्या, हळू फिरणाऱ्या तबकडीवरून) मिळो नाहीतर फुकटच्या फाइलवरून. हा लेख त्या अंगाने आहे. तरीपण तबकडी हातात घ्यायची वेळ येतेच, म्हणून तेही सविस्तर लिहितोय.

आधी एक धागा पकडा

"जुनं सगळं" असं ठरवून बसलात तर सहा महिन्यांत हार्ड डिस्क भरेल आणि कान रिकामेच राहतील. एक धागा घ्या. माझा धागा म्हणजे ऑस्ट्रियन संगीतकार गुस्ताव माहलरला प्रत्यक्ष ओळखणारे कंडक्टर, म्हणजे ऑर्केस्ट्रा चालवणारे. माहलर १९११ मध्ये गेला, त्याने ऑर्केस्ट्रासोबत केलेलं एकही रेकॉर्डिंग नाही, फक्त १९०५ मध्ये वेल्टे कंपनीच्या पियानो रोलवर (पियानो आपोआप वाजवणाऱ्या, भोकं पाडलेल्या कागदी गुंडाळीवर) वाजवलेले चार तुकडे आहेत. म्हणजे त्याचं म्युझिक त्याला कसं हवं होतं याच्या जवळ जायचं तर त्याच्यासोबत काम केलेल्या माणसांकडेच जावं लागतं. असे चार जण मी पकडले. ऑस्कर फ्रीड, ज्याने १९०५ मध्ये बर्लिनला दुसरी सिम्फनी केली तेव्हा माहलर स्वतः हजर होता. ऑटो क्लेंपरर, जो त्याच कॉन्सर्टमध्ये स्टेजमागचा बँड सांभाळत होता. ब्रूनो वाल्टर, ज्याने माहलर गेल्यावर १९१२ मध्ये नवव्या सिम्फनीचा पहिला प्रयोग केला. आणि अॅमस्टरडॅमचा विलेम मेंगेलबर्ग.

आता बघा, या चौघांची नावं हातात आली की शोधायची यादी आपोआप तयार होते. फ्रीडने १९२३-२४ च्या सुमारास बर्लिनमध्ये दुसरी सिम्फनी रेकॉर्ड केली, माहलरच्या सिम्फनीचं पहिलं पूर्ण रेकॉर्डिंग ते, आणि तेही मायक्रोफोन यायच्या आधी, भोंग्यासमोर. वाल्टरची नववी १६ जानेवारी १९३८ ची, व्हिएन्ना फिलहार्मोनिक, मुझिकफेराइन हॉल, लाइव्ह. मेंगेलबर्गची चौथी ९ नोव्हेंबर १९३९ ची. क्लेंपररची दुसरी अॅमस्टरडॅमची, १९५१, कॅथलीन फेरियर गायलीये त्यात. चारच नोंदी, पण भोंगा, इलेक्ट्रिक रेकॉर्डिंग आणि रेडिओ, तीन वेगळ्या तऱ्हा त्यात येऊन जातात, त्यामुळे शिकायला हा धागा फार उत्तम आहे.

तुम्हाला माहलर नको असेल तर इंग्रज संगीतकार एडवर्ड एल्गार घ्या, त्याने स्वतःच्या कामांची रेकॉर्डिंग्ज १९१४ पासून केली, १९३२ मध्ये कोवळ्या येहुदी मेन्युहिनला घेऊन व्हायोलिन कॉन्चेर्टो (एक मुख्य वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांची रचना) केला. किंवा रशियन संगीतकार आणि पियानोवादक राखमानिनोव्ह, त्याने फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रासोबत स्वतःचे कॉन्चेर्टो वाजवून ठेवलेत. धागा कुठलाही चालेल, फक्त एकच असू दे.

आणि एक, ऐकताना दचकू नका. मेंगेलबर्गच्या चौथीत व्हायोलिन्स एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातात, आजच्या ऑर्केस्ट्रात असं कोणी वाजवत नाही. आपल्याकडे मींड ऐकत वाढलेल्या माणसाला ते लगेच कळतं, उलट नंतरचं सगळं जरा कोरडं वाटायला लागतं. माझ्यासाठी तर या छंदाचं निम्मं सुख तिथे आहे. त्या वेळची वाजवायची पद्धत कागदावरच्या नोटेशनमध्ये नाही, फक्त या आवाजांमध्ये उरलीये.

वही करा, आणि चार रकाने आखा

ही पायरी लोक टाळतात आणि मग पस्तावतात. एक्सेल करा, वही करा, काहीही, पण प्रत्येक रेकॉर्डिंगला चार रकाने हवेत. पहिला, काय वाजलं, कोणी, कुठे, कोणत्या तारखेला. दुसरा, तेव्हा ते मुळात कशावर कोरलं गेलं, म्हणजे मेणाची प्लेट, लॅकर तबकडी (मऊ लाखेचा थर दिलेली, थेट कोरायची), फिल्म, टेप. तिसरा, तुमच्याकडे जी प्रत आहे ती कुठल्या प्रतीवरून आणि कोणी ट्रान्सफर केली, म्हणजे वाजवून नव्या माध्यमावर उतरवली. चौथा, ऐकून तुमचा शेरा.

तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. वाल्टरची तीच नववी मी पाच वेगवेगळ्या ट्रान्सफरमध्ये ऐकलीये आणि शपथेवर सांगतो, दोन ठिकाणी तर वेगळाच ऑर्केस्ट्रा वाटतो. एकात खरखर जवळजवळ शून्य, पण त्याबरोबर हॉलची हवापण गेली, व्हायोलिन्सवर कोणीतरी गोधडी टाकल्यासारखं. दुसऱ्यात खरखर आहे, लोकांचं खोकणं आहे, पण आर्नोल्ड रोझेचं व्हायोलिन समोर बसून ऐकल्यासारखं येतं. रोझे म्हणजे माहलरचा मेहुणा, १८८१ पासून तो तिथे पहिल्या खुर्चीवर होता, आणि या कॉन्सर्टनंतर दोन महिन्यांत नाझी व्हिएन्नात शिरले, त्याला म्हातारपणी लंडन गाठावं लागलं, त्याची मुलगी आल्मा पुढे आउश्विट्झच्या छळछावणीत मरण पावली. हे माहीत असलं की तो आवाज गोधडीखाली नको वाटतो.

म्हणून सीडी किंवा डाउनलोड घेताना ट्रान्सफर इंजिनियरचं नाव बघायची सवय लावा. वॉर्ड मार्स्टन, मार्क ओबर्ट-थॉर्न ही नावं दिसली तर मी डोळे झाकून घेतो, दोघंही मूळ आवाजाला जास्त घासत नाहीत. नॅक्सॉसच्या हिस्टॉरिकल सिरीजमध्ये या दोघांचं भरपूर काम आहे. प्रिस्टीन क्लासिकलचा अँड्र्यू रोज आवाज बराच नव्याने घडवतो, काहींना ते आवडतं, मला प्रत्येक वेळी नाही, पण ऐकून बघण्यासारखं नक्की.

मूळ कशावर आहे ते ओळखा

१९२५ च्या आधीचं सगळं अकूस्टिक, म्हणजे भोंग्यात वाजवायचं आणि त्या धक्क्यानेच सुई मेणात कोरायची. पूर्ण ऑर्केस्ट्रा भोंग्यासमोर मावायचाच नाही, म्हणून माणसं कमी करायचे आणि डबल बासच्या ऐवजी बऱ्याचदा ट्यूबा वाजवायचे. आर्थर निकिशने बर्लिन फिलहार्मोनिकसोबत १९१३ मध्ये केलेली बेथोव्हेनची पाचवी या जातीची, तिच्यात खालचे सूर शोधू नका, लय कशी ताणतो आणि सोडतो ते ऐका. १९२५ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिकची सिस्टीम आली, मायक्रोफोन आला, आणि एका वर्षात जग बदललं. पण तबकडी तीच, १२ इंचाच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटं. आपल्याकडे अब्दुल करीम खाँसाहेबांनी तीन-साडेतीन मिनिटांत राग मांडला, तिकडे सिम्फनीचे तुकडे पाडले. वाल्टरची नववी १० तबकड्या, २० बाजूंवर आहे.

टेपचं श्रेय जर्मनांना. १९३६ मध्येच कंडक्टर बीचमच्या लंडन फिलहार्मोनिकची कॉन्सर्ट लुडविग्सहाफेनला टेपवर घेतली होती, पण आवाज खरा सुधारला तो १९४१ च्या आसपास. त्यामुळे जर्मन कंडक्टर विल्हेल्म फुर्टवेंगलरची बर्लिनमधली युद्धकाळातली रेडिओ रेकॉर्डिंग्ज कानाला धक्का देतात इतकी चांगली आहेत. त्या टेप १९४५ मध्ये रशियन घेऊन गेले, मॉस्कोत त्यावरून एलपी निघाल्या, आणि परत बर्लिनला यायला १९८० चं दशक संपत आलं. आजही एकाच कॉन्सर्टची मेलोडिया या सोव्हिएत कंपनीच्या एलपीवरची आणि परत आलेल्या टेपवरची अशी दोन वेगळी रूपं मिळतात. अमेरिकेत त्याच काळात रेडिओवाले १६ इंची लॅकर तबकड्या वापरायचे, युद्धात अॅल्युमिनियम मिळेना म्हणून काचेवर लॅकर. असली काचेची तबकडी कधी समोर आलीच तर स्वतः वाजवू नका, लॅबमध्ये द्या, ती एकदा फुटली की जगातली एकुलती एक प्रत गेली असं होऊ शकतं.

पैसे काढायच्या आधी फुकटचं ऐका

किंग्ज कॉलेज लंडनच्या चार्म या जुन्या रेकॉर्डिंगवरच्या संशोधन प्रकल्पाने जवळपास पाच हजार बाजू ट्रान्सफर करून ठेवल्यात, डाउनलोड फुकट. इंटरनेट आर्काइव्हवर ७८ चा प्रचंड साठा आहे, त्यात काही ठिकाणी एकच बाजू चार वेगळ्या सुयांनी वाजवलेली ऐकायला मिळते, शिकायला याच्याइतकं चांगलं काहीच नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेसचं नॅशनल ज्यूकबॉक्स अकूस्टिक काळासाठी. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं गॅलिका फ्रेंच ऑर्केस्ट्रांसाठी. तारखा आणि मॅट्रिक्स नंबर (तबकडीच्या त्या बाजूवर कोरलेला रेकॉर्डिंगचा नंबर) पडताळायला सँटा बार्बराच्या विद्यापीठाची अमेरिकन डिस्कोग्राफी आहे, व्हिक्टर आणि कोलंबियाचं जवळपास सगळं तिथे सापडतं.

व्हिडिओ साइटवर जे लोक चढवतात ते ऐका जरूर, पण वहीत नोंद करू नका. तारीख चुकीची, ऑर्केस्ट्रा चुकीचा, कधी कंडक्टरसुद्धा दुसराच.

तबकडी विकत घेताना

मुंबईत चोर बाजारात मटण स्ट्रीटला, पुण्यात बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात वेस्टर्न क्लासिकल मिळतं, पण सिनेमाच्या आणि नाट्यगीतांच्या ढिगाखाली असतं आणि दुकानदाराला त्याचं फार कौतुक नसतं, त्यामुळे भाव बरा पडतो. माल बहुतेक जुन्या पारशी घरांतून नाहीतर गोवेकर ख्रिश्चन घरांतून आलेला. मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी सुरू केली, म्हणजे ऐकणारा वर्ग इथे होताच. डमडमला छापलेल्या एचएमव्हीच्या एलपीपण भरपूर सापडतात, जुन्या ७८ च्या परफॉर्मन्सची एलपी आवृत्ती स्वस्तात मिळवायचा तो चांगला मार्ग.

तबकडी हातात आली की उजेडात तिरपी धरा. काळी आणि चकचकीत, छान. खोबणी राखाडी दिसत असेल तर स्टीलच्या सुईने खाल्लेली आहे, आणि मोठ्या आवाजाच्या जागी, म्हणजे नेमकं ब्रास येतं तिथे ती फाटलेलीच वाजणार, कितीही धुतली तरी. वरवरचे ओरखडे दिसायला भयंकर असले तरी बऱ्याचदा नुसती टकटक देतात, त्यांना घाबरू नका. बोटाच्या पेराने कडेवर हळूच टिचकी मारा, धड तबकडी खणखणीत वाजते, तडा असेल तर बद्द आवाज येतो, आपण माठ बघतो तसंच.

मग लेबलच्या आतबाहेर कोरलेले नंबर वाचा. लेबलवरचा नंबर कॅटलॉगचा, पण लेबलजवळच्या गुळगुळीत भागात कोरलेला मॅट्रिक्स नंबर हा त्या बाजूचा खरा जन्मदाखला. त्याच्या शेवटी टेक नंबर असतो, म्हणजे ते कितव्यांदा वाजवून घेतलेलं आहे ते. एकच कॅटलॉग नंबर ठेवून कंपनीने मागाहून दुसरा टेक छापलाय असं कधीकधी होतं, तेव्हा तुमच्याकडे असलेला परफॉर्मन्स आणि सीडीवरचा वेगळा निघू शकतो. एचएमव्हीवर स्टॅम्परची (तबकडी छापायच्या धातूच्या साच्याची) अक्षरं असतात, जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी, म्हणजे ओळीने १ ते ९ आणि शेवटी ०. एकच अक्षर जी दिसलं तर पहिला स्टॅम्पर. डेक्कावाले याच कामाला बकिंगहॅम हा शब्द वापरायचे.

सेट घेताना ऑटो कपलिंग, म्हणजे कुठल्या बाजूच्या पाठीला कुठली बाजू आहे ते, बघाच. मॅन्युअल सेटमध्ये पहिल्या तबकडीवर बाजू १ आणि २ असतात, ऑटो सेटमध्ये १ च्या पाठीला शेवटची बाजू, कारण चेंजरवर (एकामागून एक तबकडी आपोआप टाकणाऱ्या यंत्रावर) गठ्ठा लावून सगळा एकदम उलटायचा असायचा. माझ्या पहिल्या सेटच्या वेळी हे माहीत नव्हतं, दोन तबकड्या कमी आहेत आणि बाकीच्या चुकीच्या भरल्यात असं समजून मी जवळजवळ परत पाठवत होतो. आणि त्याच रेकॉर्डिंगचे वेगवेगळ्या देशांत छापलेले प्रेसिंग मिळत असतील तर थोडं शोधा. ब्रिटिश एचएमव्हीच्या शेलॅकमध्ये (७८ च्या तबकड्या ज्या लाखेच्या मिश्रणाच्या असतात त्यात) खरखर जास्त, अमेरिकेत व्हिक्टरने १९३० च्या दशकात छापलेली प्रत मिळाली तर पार्श्वभूमी खूपच शांत असते. कंडक्टर टोस्कानिनीने न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसोबत १९३६ मध्ये केलेली बेथोव्हेनची सातवी अशा प्रेसिंगवर ऐका एकदा.

बाहेरून मागवत असाल तर विकणाऱ्याला पैसे द्यायच्या आधी लिहून सांगा, की तबकड्या अल्बममधून बाहेर काढून, प्रत्येक वेगळ्या पाकिटात, मधे कडक पुठ्ठे घालून, आणि खोक्यात खोकं अशा पॅक करा. अल्बममध्येच ठेवून पाठवलेल्या १२ इंची सेटमधल्या माझ्या तीन तबकड्या आतल्या कण्यावर दाबून फुटल्या, पैसे परत मिळाले पण तबकड्या गेल्या त्या गेल्याच. वजनाचा हिशोबपण आधीच करा, एक १२ इंची तबकडी पाव किलोच्या वर जाते, दहाचा सेट अल्बमसकट सहज तीन किलो, पोस्टेज आणि कस्टम धरलं की तबकडीपेक्षा प्रवास महाग पडतो.

धुणं आणि वाजवणं

शेलॅकला स्पिरिट, आयसोप्रोपिल, सॅनिटायझर काहीही लावू नका, शेलॅक अल्कोहोलमध्ये विरघळतं. डिस्टिल्ड वॉटर, त्यात सौम्य लिक्विड सोपचा एक थेंब, मऊ ब्रश खोबणीच्या दिशेनेच, लेबल कोरडं ठेवायचं, मग साध्या डिस्टिल्ड वॉटरने परत, आणि लगेच मऊ सुती कपड्याने टिपून उभी वाळवायची. लॅकर तबकडीवर पांढरा थर दिसला तर हेसुद्धा करू नका.

सुई बदलल्याशिवाय ७८ वाजवू नका. एलपीची सुई १ मिल किंवा त्याहून बारीक, ७८ ला साधारण ३ मिल लागते, म्हणजे इंचाचे तीन हजारांश. बारीक सुई खोबणीच्या तळाशी जाऊन कचरा वाजवते. दोन-तीन मापं जवळ असतील तर फार बरं, कारण जुन्या सुयांनी खोबणीची जी उंची खाल्लीये तिच्या थोडं वर किंवा खाली चालवता येतं आणि अचानक स्वच्छ आवाज निघतो.

दुसरं म्हणजे इक्वलायझेशन, म्हणजे कोरताना कमी-जास्त केलेले खालचे-वरचे सूर वाजवताना परत जागेवर आणणं. आजचे सगळे फोनो प्रीअॅम्प (टर्नटेबलचा आवाज वाढवणारे) आरआयएए या ठरावीक कर्व्हवर चालतात, जो १९५४ च्या सुमारास ठरला. त्याआधी प्रत्येक कंपनीचं आपलं आपलं. तसंच वाजवलंत तर वरचे सूर दबतात आणि सगळं घशातून आल्यासारखं येतं, आणि मग लोक म्हणतात जुन्या रेकॉर्डिंगचा आवाजच तसा. नाही हो, तो तसा नाही. कर्व्ह न लावता सरळ रेकॉर्ड करा, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, आणि ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये नंतर योग्य कर्व्ह लावा. इंग्लिश एचएमव्हीच्या इलेक्ट्रिक तबकडीला २५० हर्ट्झच्या खाली बास उचलायचा आणि वर काही कापायचं नाही, इथून सुरू करा आणि पुढचं कानाने. टर्नटेबलवर ७८ नसेल तर ४५ वर वाजवून सॉफ्टवेअरमध्ये वेग ७३.३ टक्के वाढवा, पण कर्व्ह वेग सुधारल्यानंतरच.

आणि वेग म्हणजे पट्टी. इथे आपल्याकडची हार्मोनियम फार कामाला येते. ७८ हा आकडा नावाला, अकूस्टिक काळात कोणी ७५ वर कोरायचं, कोणी ८० वर, आणि ६ टक्के फरक पडला की सूर अर्ध्या स्वराने हलतो. बेथोव्हेनची एरोइका काळी दोनची. फुर्टवेंगलरने डिसेंबर १९४४ मध्ये व्हिएन्नात केलेली एरोइका १९५३ मध्ये युरेनिया कंपनीने त्याला न विचारता एलपीवर काढली, ती चढ्या पट्टीत होती, तो कोर्टात गेला आणि एलपी मागे घ्यावी लागली. तरी त्या एलपीवरून केलेल्या चढ्या प्रती अजून फिरतायत. पहिल्या दोन कॉर्ड्सना काळी दोन लावून बघा, लगेच कळेल. वाल्टरच्या नवव्याला पहिल्या मूव्हमेंटला पांढरी दोन, शेवटच्याला काळी एक. हार्मोनियमपेक्षा किंचित चढं चालेल, ऑर्केस्ट्रा तसेही थोडे वर लावायचे, पण अर्धा स्वर नाही.

नॉइज काढणारे फिल्टर सगळ्यात शेवटी आणि चिमूटभर. टकटक काढा, खरखर राहू द्या. कच्ची फाइल कायम वेगळी जपून ठेवा, दोन वर्षांनी तुमचे कान सुधारलेले असतील आणि परत करावंसं वाटेल.

ठेवायचं कसं

तबकड्या उभ्या, सरळ, तिरक्या नाही, आडव्या गठ्ठ्यात तर मुळीच नाही. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यात पाकिटांना बुरशी धरते, जुनी पाकिटं काढून नवीन आम्लरहित कागदाची घाला, जुन्यावर काही लिहिलेलं असेल तर त्याचा फोटो घेऊन ठेवा, तो पुरावा असतो. भिंतीला कपाट चिकटवू नका. टेप असतील आणि व्हिनेगरचा वास यायला लागला तर त्या बाकीच्यांपासून लगेच वेगळ्या करा आणि आधी त्याच ट्रान्सफर करा. फाइली फ्लॅकमध्ये (आवाजाची गुणवत्ता न घालवणारा फाइल प्रकार), तीन प्रती, एक दुसऱ्याच्या घरी.

कॉपीराइटचं थोडक्यात. भारतात साउंड रेकॉर्डिंगला प्रकाशित झालेल्या वर्षानंतर ६० वर्षं. लक्षात घ्या, प्रकाशित, वाजवलेल्या वर्षापासून नाही, त्यामुळे १९४० च्या दशकातली पण १९९० मध्ये पहिल्यांदा बाहेर आलेली रेडिओ टेप मोकळी असेल असं धरून चालू नका. अमेरिकेत नियम वेगळे आणि मुदत जास्त लांब.

वहीत नोंद करताना शेवटचं एक उदाहरण देतो. फुर्टवेंगलरने २९ जुलै १९५१ ला बायरॉइटला केलेली बेथोव्हेनची नववी. ईएमआयने काढलेली एक, बव्हेरियन रेडिओच्या टेपवरून २००७ मध्ये ऑर्फेओने काढलेली दुसरी, आणि स्वीडिश रेडिओने त्या दिवशी घेतलेल्या प्रक्षेपणावरून २०२१ मध्ये बीआयएसने काढलेली तिसरी. ईएमआयच्या आणि बव्हेरियन टेपमध्ये नुसता आवाज नाही, वाजवणंच काही ठिकाणी वेगळं आहे, म्हणून ईएमआयने सरावाचे भाग जोडले का यावर वर्षानुवर्षं वाद चालला. माझ्या वहीत या तिघांच्या तीन वेगळ्या ओळी आहेत, तारीख एकच, दुसरा आणि तिसरा रकाना वेगळा. तुम्हीपण तिन्ही मिळवा आणि फिनालेच्या अगदी शेवटच्या मिनिटापासून ऐकायला सुरुवात करा, तिथे ऑर्केस्ट्रा इतक्या भन्नाट वेगात पळतो की कुठल्या प्रतीत वाद्यं सुटी ऐकू येतात आणि कुठल्यात नुसता कल्लोळ होतो ते हेडफोनवर लगेच समजतं.